मजुरी कमी तिथे काम, एवढंच असतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तयार कपड्यांच्या खरेदीत माझी बरीच वर्षं गेली, आणि हा प्रश्न मला नेहमी येतो: "चीन महाग झाला की काम बांगलादेशात, तो महागला की आणखी पुढे. म्हणजे जिथे मजुरी कमी तिथे काम, असंच ना?"

नाही. काम बऱ्याचदा कायद्याच्या मागे जातं.

बांगलादेशाचंच बघा. १९७४च्या मल्टी फायबर करारानं श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे, म्हणजे कमाल मर्यादा, लावले. दक्षिण कोरियाचा कोटा अपुरा पडू लागला, बांगलादेशावर तेव्हा अशी मर्यादाच नव्हती. म्हणून १९७९मध्ये 'देश गारमेंट्स' या बांगलादेशी कंपनीनं १३० जणांना कोरियात देवू कंपनीकडे शिकायला पाठवलं. परतल्यावर त्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. मजुरी तिथे त्याआधीही कमीच होती, पण शर्ट शिवून जहाजावर चढवायचं कसं हे माहीत असलेली माणसं नव्हती.

शिवाय हलते ती मुख्यतः शिलाई. कापड, चेन, बटणं, अस्तर यांतलं बरंच अजून चीनमधूनच येतं. सूतगिरणी, विणाई, रंगाई उभी करायला पाणी, वीज आणि मोठं भांडवल लागतं; शिलाई मशीनची लाइन त्या मानानं लवकर उभी राहते आणि तितक्याच लवकर उठते. त्यामुळे ऑर्डर दुसऱ्या देशात न्यायची म्हटलं की मी आधी विचारते, कापड कुठून येणार आणि किती दिवसांत? मजुरीत वाचलेले पैसे उशिरा आलेल्या एका कंटेनरमागे जातात. त्यात पुन्हा 'मूळ देश' कोणता, म्हणजे शुल्क लावताना माल कुठल्या देशाचा धरायचा, याचे नियम. युरोपीय संघानं २०११पासून अतिगरीब देशांना बाहेरचं कापड आणून फक्त शिवलं तरी शुल्कमाफी दिली. त्याआधी विणलेल्या कापडाचा शर्ट असेल तर कापडही साधारणपणे तिथलंच लागे. या एका बदलानं किती ऑर्डरींचं गणित फिरलं!

मला सर्वांत जास्त लागलेलं उदाहरण इथिओपियाचं. हवासाचं औद्योगिक संकुल २०१६मध्ये सुरू झालं. अमेरिकेत शुल्कमाफी होती आणि मजुरी जगातल्या सर्वांत कमी मजुरींपैकी. तुमचं म्हणणं खरं असतं तर काम तिथेच राहायला हवं होतं. पण उत्तरेत टिग्रेमध्ये युद्ध पेटलं, मानवी हक्कांच्या उल्लंघनाचं कारण देऊन अमेरिकेनं १ जानेवारी २०२२पासून ती सवलत काढून घेतली, आणि त्याआधीच मोठे खरेदीदार निघू लागले होते. हवासा दूर दक्षिणेला आहे. तिथे मशीनवर बसणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, त्यांच्या शिलाईत कुणी खोट काढली नव्हती, आणि त्या युद्धात त्यांचा काडीचाही हात नव्हता.