तुंबलेलं आणि गळणारं

माझी पुतणी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा गोव्यात साखळीला आमच्याकडे आली ती वही घेऊनच. ओटीवर बसून पाठांतर चाललं होतं. ऑलिग्युरिया म्हणजे चोवीस तासांत ४०० मिलीहून कमी लघवी, अनुरिया म्हणजे १०० मिलीहूनही कमी, पॉलीयुरिया म्हणजे तीन लिटरच्या वर. आकडे बरोबर होते. मग मध्येच थांबली नि म्हणाली, "काकी, अनुरिया काय, रिटेन्शन काय, लघवी होत नाही हेच ना?"

मी विळी बाजूला सारून तिच्यापाशी जाऊन बसले. मूत्रपिंडं लघवी करतच नाहीत तो अनुरिया. लघवी तयार होते पण मूत्राशयात अडकून राहते ते रिटेन्शन. आपली माणसं त्याला लघवी तुंबणं म्हणतात. मला तो शब्द फार नेमका वाटतो, कारण तुंबलं म्हटलं की मागे साठलेलं पाणी डोळ्यांसमोर उभं राहतं.

तिला मी सत्तरीतल्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. घरी जाऊन रुग्णसेवा करायला लागून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सुनेची तक्रार होती, "सिस्टर, यांना सारखी लघवी होते, दिवसाला सात-आठ डायपर लागतात, पाणी कमी देऊ का?" डायपर खरंच ओले होते, पण उचलून बघितले तर हलके. वजनकाट्यावर ठेवले. कोऱ्या डायपरचं वजन वजा केलं की उरलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली, हा आमचा हिशेब. दर वेळी तीस-चाळीस मिलीच भरत होती. मग बेंबीखाली हात ठेवला. पोट टणक, वर आलेलं, बोटाने ठोकलं तर भरल्या घागरीसारखा बद्द आवाज. आजोबांनी माझा हातच धरला, इतकं दुखत होतं. लगेच इस्पितळात पाठवलं. तिथे नळी घातल्यावर ९०० मिली लघवी निघाली. प्रोस्टेट वाढलेली होती. मूत्राशय काठोकाठ भरलं होतं आणि वरून सांडत होतं. चार्टवर याला ओव्हरफ्लो इनकॉन्टिनन्स म्हणतात. पाणी कमी केलं असतं तर तुंबलेलं तसंच राहिलं असतं आणि मूत्रपिंडांवरचा दाब वाढतच गेला असता.

शौचाच्या बाबतीतही हेच होतं आणि तिथे चूक माझ्या हातून झाली. नवीन असताना एका वॉर्डात एक आजी होत्या, खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेल्या. सारखं पातळ होत होतं, चादर भरत होती. मी नोंदीत लिहिलं, जुलाब. तीन दिवस मी तेच लिहिलं. जेवण कमी केलं गेलं, जुलाब थांबवायची गोळी दिली गेली. चौथ्या दिवशी एका जुन्या सिस्टरनी हातमोजा घालून तपासलं तर आत दगडासारखा खडा. पातळ होतं ते त्या खड्याच्या कडेने पाझरत होतं. आजी मला पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "बाय, परसाकडे साफ होत नाही गो, खडा धरलाय." मी विचारलं होतं "मोशन किती वेळा?" आणि त्यांचं उत्तर ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी निदान सांगितलं होतं, मला फक्त आकडा हवा होता. अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून पुतणीला म्हटलं, ब्रिस्टल चार्ट पाठ कर, १९९७ चा आहे, शौचाच्या सात प्रकारांचा, उपयोगाचा आहे. पण पहिला प्रकार आपल्या बायका 'बकरीच्या लेंड्या' म्हणून सांगतात, ते ऐकायला शीक. 'उन्हाळी लागली' म्हणजे लघवीला जळजळ, डिस्युरिया. ऑपरेशननंतर 'वारा सरला का?' असं हळू आवाजात, पडदा ओढून विचार, नाहीतर लाजून खोटंच 'नाही' म्हणतात. आणि काळं झालं म्हटलं की आधी विचार, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर मात्र वाट बघू नकोस, डॉक्टरांना सांग. पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव असू शकतो.

खाण्याचं तर 'जेवत नाही' या दोन शब्दांत सगळं मिसळून जातं. अन्नावरची वासना उडाली असेल तर ते अनोरेक्सिया. भूक आहे, घास घोटत नाही, ते डिसफेजिया. दोन्हीकडे ताट तसंच परत येतं.

सध्या डिचोलीजवळ एका आजींकडे जाते, पक्षाघात झालेल्या. घरच्यांनी मायेने पेज सुरू केली, आजाऱ्याला आपण दुसरं काय देणार? प्रत्येक घोटाला ठसका. पेजेत वर पाणी आणि खाली शितं. पाणी घशातून आधी पळतं, शितं मागे राहतात. घोटणं मंदावलेल्या माणसाला असं मिश्रण सगळ्यात अवघड, त्यातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मी सुनेला पेज मिक्सरला लावून एकसारखी घट्ट करायला सांगितली, नाहीतर नाचणीचं घट्ट तिजान, गाठी न होऊ देता. आजींना ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, एक चमचा गिळून झाल्याचं बघूनच दुसरा. खाणं झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं याचा, इनटेक-आउटपुटचा छापील तक्ता सुनेला जड वाटला. मग तिने स्वतःचाच सुरू केला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत पेन्सिलने लिहिते. काल गेले तेव्हा वाचलं: 'पेज दीड वाटी. ठसका एकदाच. लघवी चार वेळा, पिवळी. परसाकडे नाही, दुसरा दिवस.'

मी तिथेच पिशवी ठेवली आणि आजींच्या पोटावर हात ठेवायला आत गेले.