हुकूम झाडावर, बक्षीस गॅझेटात

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाची राजधानी होबार्ट, तिथल्या म्युझियममध्ये सगळी गर्दी टास्मानियन वाघाच्या दालनात असते. त्यामानाने ही फळी दुर्लक्षितच. उंचीला फूटपट्टीहून थोडी जास्त, रुंदीला बरीच कमी. लाकूड ह्यूऑन पाइनचं, म्हणजे इथलंच, पिवळसर, लवकर न कुजणारं. त्यावर तैलरंगात एकाखाली एक चित्रांच्या चार ओळी. सगळ्यात वर गोरे आणि आदिवासी गुण्यागोविंदाने उभे आहेत. गोऱ्या बाईच्या कडेवर काळं बाळ, काळ्या बाईच्या कडेवर गोरं. त्याखाली टोपी-कोटातला गव्हर्नर आदिवासींच्या मुख्याशी हात मिळवतोय. तिसऱ्या ओळीत आदिवासी माणूस गोऱ्याला भाल्याने मारतो आणि लगेच शेजारच्या झाडाला फासावर लटकतो. चौथीत गोरा आदिवासीला गोळी घालतो, तोही फासावर. दोन्ही वेळा गव्हर्नरसाहेब शेजारी उभे राहून न्याय नीट होतोय ना हे बघतायत.

हा सरकारी जाहीरनामा आहे. साल १८२९-३०, टास्मानियाच्या वसाहतीचं तेव्हाचं नाव व्हॅन डिमेन्स लँड, आणि काढणारा लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थर. कल्पना त्याच्या सर्व्हेयर जनरलची, जॉर्ज फ्रँकलंडची. इथले आदिवासी झाडांच्या सालींवर चित्रं काढून घडलेलं सांगतात, असं फ्रँकलंडच्या पाहण्यात आलं होतं. मग सरकारनेही चित्रातच बोलावं, असं त्याने आर्थरला लिहून कळवलं. अशा शंभरेक फळ्या रंगवून घेतल्या आणि रानात झाडांना लावायला पाठवल्या. करण्याची रीत मजेशीर आहे. मूळ चित्राच्या रेषांवर सुईने भोकं पाडायची, तो कागद फळीवर धरायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. आपले रांगोळीचे छापे असतात, अगदी तसं. फळीवर ठिपके उमटले की रंगाऱ्याने ते जोडत जायचं. आज त्यातल्या दहासुद्धा उरलेल्या नाहीत.

माझा भाचा होबार्टला शिकायला आहे, म्हणून तर माझं इथवर येणं झालं. तो फळी बघून म्हणाला, "मावशी, ही तर कॉमिक स्ट्रिप आहे." मग जरा वेळाने, "पण चौथ्या ओळीतले किती गोरे खरंच फासावर गेले गं?"

एकही नाही. आदिवासीला मारलं म्हणून या वसाहतीत एकाही गोऱ्याला फाशी झाली नाही. आदिवासी मात्र चार चढले, दोन १८२५ मध्ये आणि दोन १८२६ मध्ये, म्हणजे फळ्या रंगवायच्या आधीच. चित्रातली तिसरी ओळ अनुभवावरून काढलेली होती. चौथी नुसती काढलेली होती.

आर्थर १८२४ मध्ये होबार्टला आला तेव्हा इंग्लंडहून येणाऱ्या स्वतंत्र वसाहतवाल्यांना सरकार जमीन फुकट देत होतं. जितकं भांडवल आणाल तितकी जमीन, शिवाय राबायला इंग्लंडहून शिक्षा देऊन पाठवलेले कैदी. बक्षिसांच्या या सगळ्या गोष्टीत पहिलं आणि सगळ्यात मोठं बक्षीस मला हेच वाटतं. १८३० च्या सुमारास बेटावर दहा लाखांच्या घरात मेंढ्या झाल्या होत्या आणि त्या चरत होत्या ती कांगारूंची, म्हणजे आदिवासींच्या शिकारीची कुरणं होती. मारामाऱ्या सुरू झाल्या, घरं जळाली, दोन्हीकडची माणसं मेली. आदिवासींची कितीतरी जास्त. त्यावर आर्थरने हुकूम काढायला घेतले. हा माणूस हुकूम काढण्यात फार वाकबगार. एप्रिल १८२८ चा जाहीरनामा सांगतो की वस्तीच्या भागात आदिवासींनी पाऊल टाकायचं नाही. मात्र नेमाप्रमाणे समुद्रकाठी शिंपल्या-कालवं गोळा करायला जायचं असेल, तर मुख्याने गव्हर्नरच्या सहीचा परवाना घ्यावा! ज्यांच्यासाठी हा हुकूम, त्यांच्यात इंग्रजी वाचणारा कोणी नाही. परवाना कुठल्या खिडकीवर मिळणार तेही कुणी सांगितलेलं नाही. नोव्हेंबरात लष्करी कायदा पुकारला, तो पुढे तीन वर्षांहून जास्त चालला.

आणि मग फेब्रुवारी १८३० चा हुकूम. आदिवासी जिवंत पकडून आणला तर मोठ्या माणसामागे ५ पौंड, मुलामागे २ पौंड. मजुराची ती कित्येक आठवड्यांची कमाई. एकाच सरकारने एकाच सुमाराला एका हाताने झाडांवर गळाभेटीची चित्रं लावली आणि दुसऱ्या हाताने हा दर जाहीर केला. जिवंत हवा, ही अट कागदावर होती. पण रात्री शेकोटीभोवती झोपलेल्या टोळीवर छापा घालून दोघांना जिवंत धरायचं तर बाकीच्यांचं काय होतं, हे हुकूम लिहिणाऱ्याला कळत नसेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी काढून उत्तरेला ओटलंड्सला गेलो. दगडी घरांचं टुमदार गाव आहे, पवनचक्की आहे, आणि मेंढ्या अजूनही आहेतच. वाटेतल्या या पट्ट्यात मॅथ्यू ब्रॅडी नावाचा पळालेला कैदी दरोडे घालायचा. आर्थरने त्याच्यावर बक्षीस लावलं. तर ब्रॅडीने एका गुत्त्याच्या दारावर स्वतःची नोटीस ठोकली म्हणतात: आर्थर नावाचा इसम मोकाट फिरतोय याची मला काळजी वाटते, त्याला जो माझ्या स्वाधीन करील त्याला वीस गॅलन रम. नोटिशीची सरकारी भाषा किती हुबेहूब उचललीय बघा! सरकारने मग दर चढवला. पैसे, जमीन, आणि पकडून देणारा कैदी असेल तर माफी व इंग्लंडला परतीचा प्रवास. रमपेक्षा हे भारी होतं. ब्रॅडी १८२६ मध्ये पकडला गेला आणि मे महिन्यात फासावर चढला.

त्याला पकडणारा जॉन बॅटमन. (भाच्याला या नावावरून जे विनोद सुचले ते इथे देत नाही.) हाच बॅटमन पुढे आदिवासींना पकडायच्या टोळ्या घेऊन फिरला. १८२९ मधल्या एका छाप्यानंतर पकडलेल्या दोन जखमी आदिवासींना चालवेना, तेव्हा आपण त्यांना गोळी घातली, हे त्याने स्वतःच सरकारला लिहून कळवलंय. त्याला ना फाशी झाली ना खटला. १८३५ मध्ये तो समुद्र ओलांडून पलीकडे गेला आणि मेलबर्नच्या संस्थापकांत त्याचं नाव लागलं. तिथे त्याच्या नावाचा रस्ता आहे, बागही आहे.

ओटलंड्स हे आर्थरच्या सगळ्यात खर्चिक उद्योगाचं कोठार होतं. ऑक्टोबर १८३० मध्ये त्याने सैनिक, कैदी आणि वसाहतवाले मिळून सुमारे २,२०० माणसं एका रांगेत उभी केली. हाकाऱ्यांसारखं रान दाबत आदिवासींना आग्नेयेच्या टास्मान द्वीपकल्पात ढकलायचं आणि मान आवळावी तशी तिथली चिंचोळी वाट बंद करायची, असा बेत. इतिहासात याला 'ब्लॅक लाइन' म्हणतात. ओटलंड्सला जादा बंदुका, काडतुसं आणि ३०० बेड्या आणून ठेवल्या होत्या. जवळजवळ सात आठवडे पावसापाण्यात ही रांग सरकत राहिली. हाती लागले दोन, एक पुरुष आणि एक मुलगा. आणखी दोघं मारले गेले. खर्च तीसेक हजार पौंड, वसाहतीच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास. उरलेल्या २९८ बेड्यांचा हिशेब कुठल्या वहीत मांडला असेल, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

तो द्वीपकल्प बघायला होबार्टहून आर्थर हायवेने जातात. रस्ता सुरेख, एका बाजूला खाड्या, दुसरीकडे निलगिरीची रानं. पण कातरवेळी गाडी चालवू नका, वॉलबी, म्हणजे छोटे कांगारूच, अचानक आडव्या येतात. ईगलहॉक नेक ही ती चिंचोळी मान. दोन्हीकडे पाणी आणि मधे शंभर मीटरही नसेल अशी जमीन. आदिवासी इथे आलेच नाहीत, म्हणून मग कैद्यांसाठी ती कामी आली. १८३० मध्येच पलीकडे पोर्ट आर्थरचा तुरुंग सुरू झाला होता. या मानेवर रात्रंदिवस साखळीला बांधलेल्या कुत्र्यांची ओळ ठेवली, म्हणजे कोणी पळायला नको. आज तिथे एका कुत्र्याचा पुतळा आहे, दात विचकलेला.

पोर्ट आर्थर मात्र अडचणीत टाकतं, इतकं ते सुंदर आहे. हिरवळ, जुनी ओकची झाडं, छप्पर उडालेलं चर्च, खाडीचं निळं पाणी. वेगळ्या कोठडीच्या इमारतीत गेल्यावर कळतं की इथे कैद्याला बोलायचीच बंदी होती, प्रार्थनेलाही प्रत्येकाला वेगळा खण. १८७७ मध्ये हा तुरुंग बंद झाला. आवारात एक स्मृतिबाग आहे, ती १९९६ च्या एप्रिलमध्ये इथे एका बंदुकधाऱ्याने मारलेल्या ३५ जणांची. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पैसे देऊन लोकांकडच्या साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या आणि नष्ट केल्या. सरकारी पैशाच्या बदल्यात इतकं चांगलं काही मिळाल्याचं या बेटाच्या इतिहासात मला दुसरं दिसलं नाही.

"आर्थर नाव इतकं ओळखीचं का वाटतंय सांग," मी भाच्याला विचारलं. तो सात रस्त्याजवळ वाढलेला पोरगा, तरी त्याला सुचेना. अरे, आर्थर रोड! आजचा साने गुरुजी मार्ग. होबार्टहून १८३६ मध्ये परत गेलेले हे गृहस्थ 'सर' झाले, कॅनडात गव्हर्नरकी करून आले आणि १८४२ ते १८४६ मुंबईचे गव्हर्नर होते. रस्त्याला त्यांचं नाव पडलं आणि रस्त्यावरून पुढे तुरुंगाला. पृथ्वीच्या दोन टोकांच्या दोन तुरुंगांना एकाच माणसाचं नाव चिकटलंय, आणि त्यातल्या एकात अजून कैदी आहेत. त्यांच्या मुंबईच्या कारकिर्दीतच, १८४४ मध्ये, कोल्हापुरातल्या सामानगड-भुदरगडाच्या गडकऱ्यांचा उठाव झाला. सरकारने त्यांच्या वंशपरंपरागत जमिनी आणि गडांवरचं काम काढून घेतलं होतं. जमीन कुणाची, हा प्रश्न साहेबांना होबार्टपासून अनोळखी नव्हता.

रांगेने जे जमलं नाही ते जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन नावाच्या बांधकाम करणाऱ्याने बोलून जमवलं. पगार, जमीन आणि बक्षीस घेऊन तो आदिवासी सोबत्यांसह रानोमाळ फिरला. तुम्हाला सुरक्षित जागी नेतो म्हणून उरलेल्यांना त्याने बाहेर आणलं. ती जागा म्हणजे फ्लिंडर्स बेट. तिथे रोगराईने माणसं मरत गेली आणि १८४७ मध्ये ४७ जण परत आणले गेले. रॉबिन्सनसोबत फिरलेली ट्रुगानिनी १८७६ मध्ये होबार्टला वारली. माझ्या मृत्यूनंतर शरीराची विटंबना नको, ही तिची भीती. तिचा सांगाडा १९०४ ते १९४७ लोकांना बघायला मांडला होता, याच म्युझियममध्ये. १९७६ मध्ये तिच्या अस्थींचं दहन करून राख समुद्रात सोडली गेली. म्युझियमने या साऱ्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. आणि हो, टास्मानियाचे आदिवासी 'संपले' असं जुन्या पुस्तकांत असतं ते खोटं आहे. त्यांचे वंशज स्वतःला पलावा म्हणवतात आणि जमिनीचे हक्क मागत आजही तिथेच आहेत.

वाघाचं दालन आम्ही शेवटी ठेवलं होतं. वाघ म्हणजे पाठीवर पट्टे असलेला, कुत्र्याच्या चणीचा, पिल्लू पिशवीत वाढवणारा प्राणी, थायलसिन. मेंढ्या खातो म्हणून एका जमीन-कंपनीने १८३० मध्येच त्याच्यावर इनाम लावलं होतं. (तेच साल, बघा.) सरकार १८८८ मध्ये उतरलं. मोठ्या जनावराला १ पौंड, पिल्लाला १० शिलिंग. कातडं आणायचं, पैसे न्यायचे. १९०९ पर्यंत २,१८४ वेळा पैसे दिल्याची नोंद आहे. पडद्यावर त्याची जुनी फिल्म चालू असते, पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतो आणि जबडा इतका फाकवतो की समोरची पोरं "ओऽऽ" करतात. संरक्षणाचा सरकारी हुकूम १० जुलै १९३६ ला निघाला. होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा वाघ ७ सप्टेंबरला मेला, ५९ दिवसांनी. त्याचं कातडं आणि सांगाडा हरवला म्हणत होते, तो २०२२ मध्ये याच म्युझियमच्या कपाटात सापडला. आता राज्याच्या बोधचिन्हावर दोन वाघ आहेत, मोटारींच्या नंबरप्लेटवर वाघ आहे, भाच्याच्या बिअरच्या बाटलीवरही वाघच.

"मावशी, याच्यावर परत बक्षीस लागलं होतं माहितीये?" तो म्हणाला. २००५ मध्ये 'द बुलेटिन' या साप्ताहिकाने थायलसिन आणून देणाऱ्याला साडेबारा लाख डॉलर जाहीर केले होते. अट एकच, जनावर जिवंत हवं आणि त्याला कुठेही इजा झालेली नको. मुदत जूनअखेर होती. पैसे मागायला कोणी आलं नाही, आणि २००८ मध्ये साप्ताहिकच बंद पडलं.