नॅपकिन आणि डावी काख

रविवार, रात्री सव्वानऊ

डाव्या काखेत खरचटल्यासारखं होतंय. सकाळी दीड तास तिथे नॅपकिन दाबून सेव्हन आयर्न, म्हणजे गोल्फचा एक क्लब (काठी), फिरवत होतो, त्याचा प्रसाद.

गेले दोन महिने माझा प्रत्येक दुसरा चेंडू उजवीकडे वळून जातोय. स्लाइस. पकड बदलून पाहिली, पाय बदलून पाहिले, शेवटी हातमोजासुद्धा नवा आणला. आज आमचा कोच (वयाने माझ्या मुलाएवढा) दहा चेंडू गुपचूप बघत राहिला आणि म्हणाला, "काका, तुमची छाती वळायची थांबते, हात मात्र पुढे जातच राहतात. मग खाली येताना तेच आधी धावतात." म्हणजे क्लब बाहेरून आत येतो, तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे पळतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अगदी शब्दशः.

मी मुद्दा काढलाच. गोल्फमधला दिग्गज जॅक निकलॉस, त्याचं उजवं कोपर बॅकस्विंगला (क्लब मागे नेताना) अंगापासून लांब जायचं, लोक नावं ठेवायचे, तरी त्याने १८ मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. पोरगा हसला. "त्याचं खाली येताना परत अंगाशी यायचं. तुमचं वरच राहतं." यावर काय बोलणार!

मग नॅपकिन. डाव्या दंडाखाली, थर्मामीटर लावतात तसा. स्विंग अर्धाच, हात खांद्याच्या उंचीपर्यंत. पहिल्या दहा चेंडूंत आठ वेळा नॅपकिन मॅटवर. पडू नये म्हणून दाबला, तर खांदाच आखडला. "डावा हात सरळ" हे इतकी वर्षं ऐकून मी तो पहारीसारखा ताठ ठेवतो. सरळ आणि ताठ यांत फरक असतो, हे पन्नाशीनंतर कळतंय. शिवाय आमची सगळी जडणघडण गल्ली क्रिकेटची. खालच्या हाताने ओढून मारायचं, एवढंच शास्त्र.

वरून खाली चेंडूपर्यंत क्लब यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. "कोपर आत घे" असं मनात म्हणेपर्यंत चेंडू गेलेला असतो. म्हणजे हातांना वाटेत काही सांगण्यात अर्थच नाही. जे सांगायचं ते छातीला, तेही सुरुवातीलाच. ती वळली की नॅपकिन आपोआप जागेवर राहतो. हे मला कोचने नाही, साधारण चाळिसाव्या चेंडूने सांगितलं. हात जणू भाड्याचे असल्यासारखे लोंबकळत सोडले, पोट आणि छाती वळवली, आणि टक्! तळहाताला काही जाणवलंच नाही. चेंडू सरळ, शंभर-एकशे दहा यार्ड. अर्ध्या स्विंगला. पूर्ण जोर लावून मी एकशे तीस मारतो आणि त्यातले निम्मे झाडीत.

त्यानंतर सलग पाच तसेच गेले. सहाव्याला वाटलं, आता जमलं, आणि नॅपकिन पडला.

शेवटचे बारा चेंडू उरले तेव्हा कोच दुसऱ्या मॅटकडे वळला होता. मी हळूच ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायचा क्लब, काढला. पहिले दोन उजव्या जाळीत.

नॅपकिन गाडीतच राहिला होता. हिने संध्याकाळी शोधून आणला, वास घेतला आणि विचारलं, "पाहुण्यांसाठीच्या सेटमधला का नेलात?"