उकळलं तरी प्यायचं नाही

जून संपता संपता आपल्याकडे पावसाच्या अंदाजाची चर्चा सुरू असते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या आमच्या टोलेडोत त्याच सुमाराला वेगळाच अंदाज येतो: शहराला पाणी देणाऱ्या ईरी सरोवरात यंदा शेवाळ किती माजणार? 'नोआ' ही सरकारी संस्था तो काढते, शेवाळ किती तीव्र असेल त्याला आकडाही देते. २०११ साली हा आकडा १० झाला, तेव्हा याच्यापुढे काय जाणार असं वाटलेलं. २०१५ साली साडेदहा झाला.

पण आमच्या घरात लक्षात राहिलंय ते २०१४. ते साल आकड्याने काही फार मोठं नव्हतं.

आई तेव्हा कोल्हापूरहून आली होती. २ ऑगस्ट, शनिवार. पहाटे दोनच्या सुमाराला शहराने इशारा दिला होता. आम्हाला तो कळला सकाळी, शेजारणीच्या फोनवरून. नळाचं पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका, दातही घासू नका. मी आईला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मग उकळून घे की गं."

आपण सगळे याच संस्कारात वाढलो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, गावात कावीळ पसरली, घरात बाळंतीण आली, की पातेलं गॅसवर. उकळलं की सगळं मरतं. इथे मात्र इशाऱ्यात वेगळं बजावलं होतं: उकळू नका. आईचा त्यावर विश्वासच बसेना. "असलं कसलं पाणी, जे उकळून चालत नाही?"

सरोवरात माजतं त्याला आपण शेवाळ म्हणतो खरं, पण ते असतात सूक्ष्म जिवाणू. मायक्रोसिस्टिस त्यांचं नाव. त्यांच्या पेशीत मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार होतं आणि ते थेट यकृतावर घाला घालतं. पाणी उकळलं की जिवाणू मरतात, पण मरताना फुटतात आणि आतलं विष पाण्यात सोडतात. विष स्वतः उकळण्याने नष्ट होत नाही. वर पाण्याची वाफ होऊन जाते, म्हणजे राहिलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्ज भागांत एक भाग. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातच त्याहून जास्त सापडलं होतं.

जवळजवळ पाच लाख लोकांचं पाणी एका रात्रीत गेलं. दुपारपर्यंत शहरातल्या दुकानांत बाटलीबंद पाणी औषधालाही उरलं नाही. आम्ही मिशिगनच्या दिशेने गाडी हाणली. तिथल्या पहिल्या दोन दुकानांतही आमच्याआधी टोलेडोकर पोचलेले. ओहायोच्या गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली, नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटायला आले. आईने शुक्रवारी संध्याकाळी इडलीचे तांदूळ-डाळ भिजत घातले होते, नळाच्याच पाण्यात. शुक्रवारचं पाणी बरं होतं की वाईट, कोण सांगणार? तिने सगळं ओतून दिलं. ते ओततानाचा तिचा चेहरा मला अजून आठवतो. अन्न टाकायची सवय नाही तिला.

सोमवारी सकाळी इशारा उठला. महापौरांनी टीव्हीसमोर नळाच्या पाण्याचा ग्लास पिऊन दाखवला. आई म्हणाली, "त्यांनी प्यायलं, ठीक आहे. आपण उद्यापासून."

मग मी वाचायला लागले. शहराचं पाणी सरोवरात सुमारे पाच किलोमीटर आतून खेचलं जातं. त्या आठवड्यात वाऱ्याने शेवाळ नेमकं तिथे लोटलं आणि घुसळून खाली, पाणी ओढणाऱ्या तोंडापर्यंत नेलं. म्हणजे आकडा मोठा असायची गरजच नाही. वारा वाईट सुटला तरी पुरतं.

आणि मूळ दुखणं सरोवरात नाहीच. ते टोलेडोपाशी सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीतून येतं. तिच्या खोऱ्यात आज जिथे मैलोन् मैल मका आणि सोयाबीन दिसतं, तिथे दीडशे वर्षांपूर्वी 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची अफाट दलदल होती. लोकांनी ती उपसली, जमिनीखाली मातीच्या नळ्या टाकल्या, काळीभोर जमीन मिळवली. नळ्या आता प्लास्टिकच्या आहेत, काम तेच: शेतातलं पाणी झटपट ओढ्यात. त्या पाण्याबरोबर खतातलं आणि गुराढोरांच्या शेणातलं फॉस्फरसही जातं. मार्च ते जुलै किती वाहून आलं, यावरूनच 'नोआ'चा अंदाज बांधला जातो. दलदल होती तेव्हा ती हे सगळं गाळत होती, हे आता सगळ्यांना उमगलंय.

गंमत म्हणजे हे सरोवर एकदा बरं झालं होतं. १९६० च्या दशकात वर्तमानपत्रं त्याला मेलेलं म्हणत. मग साबणाच्या पावडरींतलं फॉस्फेट कमी केलं, सांडपाण्याच्या केंद्रांवर पैसा ओतला, आणि पाणी सुधारलं. नळातून येणारी घाण पकडता येते, त्या नळाला तोटी असते. हजारो शेतांतून झिरपणाऱ्या घाणीला तोटी कुठे लावणार? २०१५ मध्ये ओहायो, मिशिगन आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने २०२५ पर्यंत फॉस्फरस चाळीस टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. ते काही साधलं नाही. बहुतेक उपाय शेतकऱ्यांच्या मर्जीवर आहेत, आणि मला स्पष्टच वाटतं की मर्जीवर हे होणार नाही. २०१९ मध्ये टोलेडोच्या मतदारांनी चिडून सरोवरालाच कायदेशीर हक्क देऊन टाकले. वर्षभरात फेडरल न्यायालयाने तो ठराव रद्द केला.

मी रंकाळ्याच्या काठी वाढले. सांडपाणी मिसळून त्याचं पाणी गडद हिरवं झालेलं, वास मारणारं मी पाहिलंय. केंदाळ निदान हाताने ओढून काढता येतं. हे हिरवं पाणी कशाने काढणार? तेव्हा आम्ही नाकाला रुमाल लावून भेळ खात होतो, यकृताचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली, तर पोराबाळांना आणि कुत्र्याला त्यात उतरू देऊ नका. इथे कुत्री असं पाणी पितात, नंतर अंगावरची साय चाटतात आणि दगावतात.

शहराने शुद्धीकरणावर पुढे बराच खर्च केला, ओझोनची यंत्रणा बसवली, आणि तसा इशारा पुन्हा आलेला नाही. तरी आमच्या तळघरात पाण्याचे चार खोके असतात. दर जुलैत, अंदाज आला की, जुने संपवून नवे आणते. आईला फोनवर सांगितलं, तर ती विचारते, "आणि गॅसवर पातेलं नाही ना ठेवत?"