बालविभागातील विषयवार मेळावे : जुलै ते नोव्हेंबर 2024 ची नोंद

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता मुलांसाठी एकेका विषयावरचा मेळावा घ्यावा, असे कार्यकारी मंडळाने जूनमध्ये ठरवले आणि त्याची आखणी माझ्याकडे सोपवली. मी वाचनालयाची कर्मचारी नाही, साधी वर्गणीदार आहे. मुलांसाठीची पुस्तके जमवणे आणि ती मुलांना वाचून दाखवणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत तीन मेळावे झाले, एक रद्द करावा लागला आणि एका महिन्यात मेळाव्याऐवजी वेगळेच काम केले. आपापल्या गावी असेच काम करणाऱ्या मंडळींना उपयोगी पडेल असे जे हाती लागले, ते येथे लिहून ठेवत आहे.

आमचे वाचनालय 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालील 'ब' वर्गातले आहे. बालविभाग म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, चार लोखंडी कपाटे, दोन सतरंज्या आणि सुमारे अकराशे पुस्तके. तीस मुले बसली की खोली भरते. प्रत्येक मेळाव्यासाठी मंडळाने सहाशे रुपये मंजूर केले असून त्यात खाऊही बसवायचा असतो.

जुलैचा विषय पाऊस होता आणि तो मेळावा मुलांना आवडला असला तरी माझ्या दृष्टीने फसला. पुठ्ठ्याचे ढग, निळ्या कागदाच्या माळा आणि घडीचे बेडूक करण्यात मी तीन संध्याकाळी घालवल्या. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून पर्जन्यमापक करण्याचा भाग मात्र चांगला झाला. बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, तळ सपाट नसल्यामुळे आत खडे टाकून त्यांच्यावर येईल इतके पाणी ओतायचे आणि त्या पातळीला शून्याची रेघ मारून तेथून वर मिलिमीटरच्या खुणा करायच्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे मुलांनी खोलीत खडूने चौरस आखून समजून घेतले. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतो, म्हणून आपणही त्याच वेळी मोजायचा, असे ठरवून मुले बाटल्या घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी देवघेव नोंदवही पाहिली. चौतीस मुले आली होती आणि पुस्तके गेली होती चार. आपण वाचनालयात वाढदिवसासारखा समारंभ केला, पण तेथील पुस्तकांशी त्याचा संबंध जुळवला नाही, हे त्या आकड्यामुळे मला फार स्पष्टपणे दिसले. मेळाव्याला किती मुले आली यापेक्षा त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात किती पुस्तके घरी गेली, हेच माझे मोजमाप राहील, असे मी तेव्हा ठरवले. कारणे शोधायला ग्रंथपाल बाईंनी मदत केली आणि ती सगळीच साधी निघाली. पावसाची पुस्तके काचेच्या दारांच्या कपाटात कुलूपबंद होती. मेळावा रेंगाळत सहापर्यंत चालला आणि देवघेव खिडकीही सहालाच बंद होते. खाऊ आधी वाटल्यामुळे मुलांचे हात चिकट झाले होते आणि मीच त्यांना पुस्तकांपासून दूर राहायला सांगत होते.

तेव्हापासून क्रम बदलला आहे. विषयावरची किमान पंचवीस पुस्तके आधी कपाटातून काढायची आणि तेवढी निघाली नाहीत तर विषयच सोडून द्यायचा. समुद्राचा विषय मला मनापासून हवा होता, पण बारा पुस्तकांपलीकडे काही मिळेना, म्हणून तो नव्या खरेदीपर्यंत पुढे ढकलला आहे. काढलेली पुस्तके सतरंजीवर मुखपृष्ठे वर करून मांडायची, कारण पुस्तकाची पाठ पाहून लहान मूल ते उचलत नाही. मेळावा सव्वापाचला संपवायचा, म्हणजे खिडकीपाशी पाऊण तास हाती राहतो. खाऊ सर्वांत शेवटी आणि तोही व्हरांड्यात, फुटाणे किंवा मुरमुऱ्यांसारखा कोरडा. सजावटीसाठी आता एकच तास देते आणि तेवढा पुरतो.

ऑगस्टसाठी तारखेनेच विषय सुचवला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती आपण 12 ऑगस्टला साजरी करतो. भारतीय अंतराळ संशोधनाचे जनक विक्रम साराभाई यांचा जन्मही 12 ऑगस्टचाच, 1919 सालचा. आणि 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-3 च्या अवतरकाचे (लँडरचे) नाव त्यांच्याच नावावरून विक्रम असे आहे. त्या घटनेच्या स्मरणार्थ राष्ट्रीय अंतराळ दिवस या वर्षी पहिल्यांदाच साजरा होणार होता. वाचनालय आणि चंद्र एकाच तारखेला असे भेटत असताना दुसरा विषय शोधण्याचे कारणच नव्हते. दुसरा शनिवार 10 तारखेला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आला.

पहिला खेळ अंतराचा होता. फुटबॉल म्हणजे पृथ्वी मानली, तर टेनिसचा चेंडू जवळपास चंद्राएवढा ठरतो. तो पृथ्वीपासून किती लांब ठेवायचा, असे विचारल्यावर बहुतेक मुलांनी तो एका हातावर ठेवला. पृथ्वी आणि चंद्र यांच्यातील सरासरी अंतर 3,84,400 किलोमीटर आहे, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे तीस पट. त्या हिशेबाने चेंडू साडेसहा मीटरवर न्यावा लागतो. आमच्या खोलीत तेवढी लांबी नाही, म्हणून एका मुलीला चेंडू घेऊन दाराबाहेर जिन्यापाशी उभे करावे लागले. तिला तेथे पाहून खोलीत जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. गोष्ट सुरू करायला तीच वेळ योग्य होती.

दुसरा प्रयोग विवरांचा होता. त्यासाठी परातीत गव्हाचे पीठ पसरायचे असे मी योजले होते, परंतु आदल्या दिवशी शिपाई मावशींनी अन्न असे खेळायला वापरू नये असे सांगितले आणि त्यांचे म्हणणे मला पटले. म्हणून पांढऱ्या रांगोळीचा चार बोटे थर दिला, त्यावर गेरूची पूड चाळणीने भुरभुरवली आणि परात व्हरांड्यात ठेवली, कारण बंद खोलीत रांगोळी नाकातोंडात जाते. एक फूट आणि तीन फूट उंचीवरून गोट्या सोडून मुलांनी खड्ड्यांची रुंदी मोजली. गोटी पडताच खालची पांढरी रांगोळी तांबड्या थरावर किरणांसारखी फेकली जाते. पौर्णिमेच्या चंद्रावर टायको विवराभोवती दिसणारे पांढरे पट्टे अशाच फेकल्या गेलेल्या द्रव्याचे आहेत. पिठापेक्षा रांगोळीवर हा परिणाम अधिक ठळक दिसतो, असे माझे मत झाले आहे.

घरी जाताना प्रत्येकाला चौकोन आखलेला एक कागद दिला. त्या षष्ठीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी दिसेल तसा चंद्र काढायचा आणि ढगांमुळे दिसला नाही तर चौकोन रिकामा ठेवायचा. कागद परत आले तेव्हा निम्म्याहून अधिक चौकोन रिकामे होते. जे पाहिले नाही ते मुलांनी मनाने काढले नाही, याचे मला खरे समाधान वाटले. त्या दिवशी एकोणतीस मुले होती आणि सतरा पुस्तके घरी गेली.

सप्टेंबरचा दुसरा शनिवार गणेशोत्सवात आला, म्हणून मेळावा रद्द केला. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार दसऱ्याचा होता. शिवाय 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे कार्यक्रम सगळ्या शाळांत होतातच. त्यांत आणखी एकाची भर घालण्याऐवजी आम्ही तो पंधरवडा पुस्तकांच्या मांडणीला दिला.

या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण विषयवार मेळाव्याची खरी अडचण येथेच आहे. आमच्या बालविभागातील पुस्तके दाखल नोंद क्रमांकानुसार, म्हणजे वाचनालयात आली त्या क्रमाने, लावलेली असल्यामुळे एका विषयाची पुस्तके चारही कपाटांत विखुरलेली असतात आणि ऑगस्टमध्ये चंद्र-ताऱ्यांची अठ्ठावीस पुस्तके शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मोठ्या ग्रंथालयांत विषयाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणामुळे ग्रह-तारे 523 वर, पक्षी 598 वर आणि लोककथा 398 वर सापडतात. अकराशे पुस्तकांचे पुन्हा वर्गीकरण करणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून ग्रंथपाल बाईंनी सुचवले त्याप्रमाणे बाजारात मिळणाऱ्या रंगीत टिकल्यांची पाकिटे आणली आणि पुस्तकांच्या पाठीवर तळाशी एकेक टिकली लावली. पशुपक्ष्यांना हिरवी, आकाशाला निळी, लोककथांना लाल, चरित्रांना पिवळी. नुसती टिकली आठवड्यात निघून जाते. तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली की टिकते. आतापर्यंत सातशे पुस्तके झाली आहेत. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हे सूत्र मी पूर्वी केवळ पाठ केले होते. कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षे कोणी न नेलेली पुस्तके हाताळताना ते मला पहिल्यांदा नीट कळले.

नोव्हेंबरचा विषय अर्थातच पक्षी होता. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली यांची जयंती 12 नोव्हेंबर, या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो आणि आमचा शनिवार 9 तारखेला, बरोबर त्याच्या मध्यात आला. दिवाळीच्या सुटीमुळे मामाच्या गावी आलेली मुलेही होती, त्यामुळे संख्या एक्केचाळीसवर गेली आणि दोन गट करावे लागले.

सुरुवात सलीम अलींच्या लहानपणातील प्रसंगाने केली. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका पाहून तो मुलगा कुतूहलाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मिलर्ड यांनी त्याला जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. मी येथेच थांबले आणि पुढचे सांगितले नाही. एका मोठ्या माणसाने एका मुलाला पुस्तक दिले, हा त्या गोष्टीतील क्षण वाचनालयात सांगताना जितका जवळचा वाटतो तितका अन्यत्र वाटणार नाही.

त्यानंतर घरटे विणायचे होते. एका मुलाने शेतातल्या विहिरीवर लोंबणारे सुगरणीचे घरटे काढून आणू का, असे विचारले होते. त्याला मी नको म्हटले आणि त्याऐवजी त्या घरट्याचे छायाचित्र आणायला सांगितले. पक्ष्याला विणण्यासाठी चोच असते, हात नसतात. म्हणून प्रत्येकाला काथ्याचे धागे, एक फांदी आणि एकच चिमटा दिला आणि दुसरा हात पाठीमागे ठेवायला सांगितले. वीस मिनिटांत एकाचीही गाठ नीट बसली नाही. नातवंडांना घेऊन आलेल्या एका आजींनी तेवढ्यात सुगरणीची सर्वांना ठाऊक असलेली कविता तोंडपाठ म्हणून दाखवली. घरटे विणतो तो नर, हे त्यानंतर सांगितले तेव्हा मुलांपेक्षा आजींनाच अधिक आश्चर्य वाटले आणि त्यांनी ते पुस्तकात दाखवायला लावले.

नावांचा फळा हा भाग मी आयत्या वेळी घातला आणि तोच सर्वांत रंगला. भारद्वाजाचे चित्र दाखवून घरी याला काय म्हणतात असे विचारले, तेव्हा कुंभारकावळा, सोनकावळा आणि कोकणातून आलेल्या मुलाकडून कुकुडकोंबा अशी नावे फळ्यावर आली. चितमपल्ली यांनी वनखात्यात काम करताना रानातल्या माणसांकडून अशीच नावे गोळा केली, हे सांगितल्यावर दोन मुलींनी वही काढून फळा उतरवून घेतला. हरियाल हा आपला राज्यपक्षी मात्र एकाही मुलाने प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. वड-उंबराची फळे पिकल्यावर पहाटे कोठे उभे राहायचे, हे आम्ही ठरवून ठेवले आहे.

सव्वापाच वाजता सतरंजीजवळ उभ्या राहिलेल्या एका पाहुण्या मुलाने विचारले, "ताई, मी येथला नाही, तरी हे पुस्तक घरी नेता येईल?" बालसभासदत्वासाठी अनामत लागते आणि नियमाप्रमाणे उत्तर नाही असेच होते. ग्रंथपाल बाईंनी ते पुस्तक त्याच्या मामाच्या खात्यावर दिले. त्या दिवशी सव्वीस पुस्तके गेली. सुटी संपण्यापूर्वी ते पुस्तक परत आले. पाहुण्या मुलांसाठी सुटीपुरते ओळखपत्र द्यावे, असा अर्ज मी मंडळाकडे दिला आहे.

डिसेंबरचा विषय पत्रे हा आहे. साने गुरुजींच्या जन्माला 24 डिसेंबर रोजी 125 वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांनी पुतणीला लिहिलेली पत्रे वाचून दाखवण्याजोगी आहेत. प्रत्येक मुलाने आवडलेल्या एका पुस्तकाविषयी शेजारच्या तालुक्यातील वाचनालयाच्या बालसभासदाला पोस्टकार्ड लिहायचे, अशी योजना आहे. तेथील ग्रंथपालांनी बत्तीस मुलांची पहिली नावे कळवली आहेत आणि उत्तरे वाचनालयाच्या पत्त्यावरच येतील. पन्नास पैशांप्रमाणे चाळीस पोस्टकार्डे वीस रुपयांत मिळाली. पत्ता कोणत्या बाजूला लिहायचा आणि सहा आकडी पिनकोड कोणत्या चौकटींत भरायचा, हे मुलांना दाखवण्यासाठी पुठ्ठ्याचे एक मोठे पोस्टकार्ड करायचे राहिले आहे. ते या रविवारी करीन.