पंचांग पाहून ठरलेले कपड्यांचे शूट

गेल्या जानेवारीत तयार कपड्यांच्या एका ब्रँडसाठी रत्नागिरी परिसरात केलेले उन्हाळी कपड्यांचे शूट आम्ही दोन दिवसांत पूर्ण केले. अठ्ठावीस लुक, म्हणजे फोटोसाठी घातलेले पूर्ण पोशाख, दोन मॉडेल आणि अकरा जणांचे पथक एवढा पसारा होता आणि त्याच्या नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे होती. कोकणात शूट करायचे ठरले की बहुतेक जण आधी जागा शोधायला निघतात, कारण इथे सुंदर जागांना तोटा नाही. अनेक शूट पार पाडल्यानंतर माझे मत मात्र वेगळे झाले आहे. आधी कपड्यांची यादी हातात घ्यावी, मग पंचांग उघडावे आणि जागा सर्वांत शेवटी ठरवावी.

हे कपडे कोणासाठी आहेत, याचा विचार केला की या क्रमाचे कारण लक्षात येते. हा ब्रँड शहरांच्या मुख्य बाजारपेठेत आणि मॉलमध्ये विकला जातो. त्याचा शर्ट आठशे-नऊशे रुपयांना मिळतो आणि तो घेणारी व्यक्ती बँकेत, शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीला जाताना तो घालणार असते. तिला मोबाइलच्या पडद्यावर शर्टाचा खरा रंग, कापडाचा पोत, बाहीची लांबी आणि कुर्त्याचा घेर दिसायला हवा. फोटोत मोरपिशी दिसलेला कुर्ता घरी आल्यावर हिरवा निघाला, तर तो परत येतो आणि त्यात विकणाऱ्याचे जेवढे नुकसान होते तेवढाच घेणाऱ्याचा हिरमोड होतो. माडांची रांग आणि मावळता सूर्य मागे असला की छायाचित्रकाराचे भान त्या देखाव्यात हरवण्याचा धोका असतो, म्हणून कपड्याची बाजू कोणीतरी सतत लावून धरावी लागते. नियोजन करणाऱ्याचे ते पहिले काम आहे, असे मी मानते.

पंचांगाचे महत्त्व मला एका फसलेल्या शूटने शिकवले. काही वर्षांपूर्वी एका ब्रँडने मॉडेलच्या सोयीची तारीख कळवली आणि मी ती तपासल्याशिवाय मान्य केली. संध्याकाळी पावणेपाचला आम्ही सामान घेऊन किनाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा समुद्र सुरूच्या झाडांपर्यंत येऊन ठेपला होता. ठरलेल्या नऊ लुकपैकी तीनच झाले आणि तेही झाडांच्या मुळांशी अडचणीत उभे राहून. जाळी आवरत असलेल्या खारवी समाजातल्या एका काकांनी विचारले, "आज अष्टमी ना गो बाय? मग संध्याकाळची पुळण कशी मिळेल?" पुळण म्हणजे किनाऱ्यावरची मोकळी वाळू. त्यानंतर त्यांनी मला किनाऱ्यावरचा जुना हिशेब समजावून सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी वर असते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या आधी लागते आणि साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेच त्या पाऊणपटीमागचे गणित आहे.

पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असल्यामुळे पाणी वरही जास्त चढते आणि ओहोटीला दूरही जास्त जाते. मागे राहणारी ओली पुळण आरशासारखी चमकते आणि त्यात कपड्याचे प्रतिबिंब पडते. म्हणून संध्याकाळच्या चित्रणासाठी पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. द्वितीयेच्या आसपास सकाळीही साडेसातच्या सुमारास ओहोटी असल्याने दिवसाची दोन्ही टोके हाती लागतात. जानेवारीचे शूट मी पौष वद्य प्रतिपदा आणि द्वितीयेला ठेवले. हा हिशेब ढोबळ आहे, त्यामुळे तारीख ठरवण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी तो ताडून पाहावा.

यानंतर प्रश्न येतो उजेडाचा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. जानेवारीत रत्नागिरीला सूर्य सकाळी सातनंतर दहाएक मिनिटांनी उगवतो, पण तो डोंगरामागून येत असल्यामुळे माडांची सावली पुळणीवर बराच वेळ रेंगाळते. ऊन खाली उतरले की ते समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या मॉडेलच्या समोरून पडते, त्यामुळे कापडाची वीण, शिलाई आणि रंग स्वच्छ दिसतात. कॅटलॉगचे लुक म्हणून सकाळीच उरकून घ्यावेत. संध्याकाळी हेच सारे उलटते. सूर्य मॉडेलच्या पाठीशी जातो, केसांना सोनेरी कडा येते, पण कपड्याची पुढची बाजू काळवंडते आणि उजेड परतवणारा फलक, म्हणजे रिफ्लेक्टर, धरल्याशिवाय इलाज नसतो. अस्तर नसलेला पांढरा सुती कुर्ता या उजेडात आरपार दिसतो. मॉडेलला अवघडल्यासारखे वाटू नये आणि ग्राहकालाही असा फोटो दिसू नये, यासाठी अस्तर नसलेल्या कपड्यांवर मी यादीतच खूण करते आणि त्यांना संध्याकाळच्या वेळापत्रकात येऊच देत नाही.

वाऱ्याचेही असेच आहे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंद असतो आणि तो समोरून येत असल्याने केस मागे जातात, कापड अंगाशी नीट बसते. दुपारकडे समुद्राकडून खारा वारा सुरू झाला की तो पाठीमागून येतो, केस चेहऱ्यावर उडवतो आणि ओढणी पुढे फेकतो. ओढणीचे आणि मोठ्या घेराचे कपडे म्हणून सकाळी घ्यावेत किंवा संध्याकाळी मॉडेलला किनाऱ्याला समांतर चालायला सांगावे, म्हणजे घेर एका बाजूला फुलतो आणि चेहरा मोकळा राहतो.

जागा निवडताना मी तिचा रंग कपड्यावर काय परिणाम करतो ते पाहते. कोकणातली जांभ्या दगडाची घरे, गडगे म्हणजे दगडी कुंपणे आणि पाखाड्या म्हणजे पायऱ्यांच्या वाटा फोटोत देखण्या दिसतात, पण ऊन पडलेला जांभा आपली लाली शेजारच्या कपड्यावर टाकतो आणि पांढरा लिननचा शर्ट गुलाबट दिसू लागतो. पोफळीच्या बागेत उजेड मऊ असतो, मात्र पानांतून गाळून आलेली हिरवट झाक त्वचेवर आणि फिक्या कपड्यांवर उतरते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक जागी, प्रत्येक लुकच्या आधी करड्या रंगाचे कार्ड हातात धरून एक फोटो घ्यावा आणि मागाहून रंग त्याच्याशी जुळवावा. मूळ कपड्यांचे छोटे तुकडेही मी एका वहीत चिकटवून सोबत नेते, कारण संगणकावर रंग दुरुस्त करणाऱ्या माणसाने तो कपडा कधी हातात घेतलेला नसतो.

पुळणीच्या बाबतीत रत्नागिरी फार उदार आहे. एकाच शहरात मांडवीचा काळा समुद्र आहे आणि पांढरा समुद्रही आहे. इथल्या वाळूत इल्मेनाइट हे जड, काळे खनिज असते आणि ते जिथे जास्त साठते तिथे पुळण गडद दिसते. फिक्या पिस्ता आणि बदामी रंगाचे कपडे आम्ही काळसर पुळणीवर घेतले, निळीच्या छटांचे कपडे फिक्या पुळणीवर घेतले आणि त्यासाठी एकाही छायाचित्रात कृत्रिम पार्श्वभूमी वापरावी लागली नाही. काळी वाळू फार बारीक असते आणि पायजम्याच्या ओल्या काठाला चिकटली की झटकून जात नाही. सोबत मऊ ब्रश ठेवावा आणि काठ वाळल्यावरच तो फिरवावा.

वेळापत्रकाचा हिशेब मी एका लुकला पंचवीस मिनिटे धरून करते. कपडे बदलणे, केस नीट करणे, मापात नसलेला कपडा मागून क्लिपांनी आवळणे आणि प्रत्यक्ष फोटो हे सारे त्यात येते. सकाळी साडेसात ते साडेदहा सात लुक, साडेअकरा ते तीन एका घराच्या पडवीत आठ आणि पावणेपाच ते सूर्यास्तापर्यंत, म्हणजे सहा-वीसपर्यंत, तीन. दोन दिवसांचे असे छत्तीस लुक होतात. मी ब्रँडला अठ्ठावीस कळवले. छत्तीसच करा, असा आग्रह झाला. तो मी नम्रपणे नाकारला, कारण उरलेल्या आठ जागा वारा, ढग, दमलेली मॉडेल आणि तुटलेले बटण यांच्यासाठी राखून ठेवायच्या असतात.

दुपारचे पडवीतले काम या शूटमधले सर्वांत समाधानाचे ठरले. उतरत्या कौलारू छपराखाली थेट ऊन येत नाही, शेणाने सारवलेल्या अंगणावरून परतलेला उजेड खालून हलकेच वर येतो आणि डोळ्यांखालच्या सावल्या भरून काढतो. ज्या आजींचे ते घर होते, त्यांना आम्ही एका दिवसाचे भाडे आगाऊ दिले आणि माजघर व देवघराकडे कोणी जाणार नाही, हे पथकाला आदल्या दिवशीच सांगितले. कपड्यांवर वाफ देणारा स्टीमर दीड ते दोन किलोवॅट वीज ओढतो, त्यामुळे जुन्या घरात तो कुठल्याही प्लगला लावू नये. आम्ही रेकीच्या, म्हणजे जागेच्या आधीच्या पाहणीच्या वेळीच गावातल्या वायरमनला बोलावून जाड तारेची स्वतंत्र जोडणी तपासून घेतली होती.

खाऱ्या पाण्याचा विषय कपड्यांच्या दृष्टीने गंभीर आहे. लाटेचा तुषार गडद कापडावर वाळला की पांढरा डाग धरतो आणि नमुन्याचा कपडा गोदामात परत द्यायचा असल्याने तो शूटवर धुता येत नाही. पाण्याच्या काठाचे लुक म्हणून त्या दिवशी शेवटी ठेवावेत आणि प्रत्यक्ष पाण्यात जाणाऱ्या कपड्याचे दोन नग मागवावेत. खडकांवर कालवांच्या शिंपल्यांची धारदार टोके असतात, तिथे मॉडेलला अनवाणी चालायला कधीही सांगू नये.

होडीशेजारी चार लुक घ्यायचे होते आणि त्यांतले दोन सँडलचे होते. होडीच्या मालकांना मी आधी भेटले, तेव्हा त्यांनी जागा आनंदाने दिली, पण पायांत काही घालून होडीत चढायचे नाही, एवढे सांगितले. ज्या होडीवर पोट चालते तिची नारळी पौर्णिमेला पूजा होते, त्यामुळे ही अट त्यांनी घालणे मला स्वाभाविक वाटले आणि सँडलचे दोन्ही लुक आम्ही जेटीच्या पायऱ्यांवर हलवले. होडीचे आणि मदतीला आलेल्या दोन मुलांचे पैसे ठरवून, लिहून, त्याच दिवशी दिले. कोळणींना किंवा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांना मागे उभे करून समोर नवे कपडे दाखवायचे, ही कल्पना मूडबोर्डवर, म्हणजे शूटच्या कल्पनांच्या चित्रफलकावर, आली होती. ती मी काढून टाकायला लावली. कष्ट करणारी माणसे कोणाच्या शर्टामागची सजावट नाहीत, यावर मी कधीही तडजोड करणार नाही.

परवानग्यांना महिनाभर आधी हात घालावा. किनाऱ्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळ, गावासाठी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला लेखी सूचना, एवढे किमान लागते. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथे मी कपड्यांचे शूट सुचवत नाही. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे असल्यामुळे ड्रोनचा विचार करण्यापूर्वी सरकारी नकाशावर तो भाग कोणत्या क्षेत्रात येतो ते तपासणे अनिवार्य आहे. आम्ही ड्रोन नेलाच नाही, कारण वरून पाहिलेल्या कुर्त्याचा गळा दिसत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ असतो. वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर अंधार पडल्यावर दिवे लावून काम करू नये, कारण उजेडामुळे मादी अंडी न घालता परत फिरू शकते आणि पिल्लांची समुद्राची दिशा चुकते. आमच्या वेळापत्रकात सूर्यास्तानंतर फक्त सामान आवरणे होते.

दुसऱ्या दिवशी, द्वितीयेच्या संध्याकाळी, पाणी हिशेबाप्रमाणे मागे सरत गेले. शेवटचा लुक निळीने रंगवलेल्या सुती शर्टाचा होता. ओल्या पुळणीवर मॉडेल किनाऱ्याला समांतर चालत होती, आमचा सहायक पांढरा रिफ्लेक्टर घेऊन तिच्याबरोबर पळत होता आणि शर्टाच्या खिशावरची दुहेरी शिलाई मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्पष्ट दिसत होती. सहा वाजून अकरा मिनिटांनी आम्ही थांबलो. राखीव आठ जागांपैकी पाच वापराव्या लागल्या होत्या.

आता त्याच ब्रँडने गणपतीसाठीच्या कपड्यांचे शूट जूनमध्ये इथेच करायचे विचारले आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या शाकारलेल्या असतील, जांभा शेवाळाने हिरवा झाला असेल आणि पडवीत उजेड निम्म्यावर आलेला असेल. जरीचे काठ आणि रेशमी कापड दमट हवेत कसे वागते, हे पाहण्यासाठी मी दोन नमुने मागवले आहेत. कपड्यांची पूर्ण यादी आल्याशिवाय तारखा देता येणार नाहीत, असे त्यांना काल कळवले.