"पण तुला झालं कशामुळे?"

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा प्रश्न मी नेहमी टोलवतेच. "पण तुला डिप्रेशन आलं कशामुळे? सगळं तर चांगलं चाललं होतं ना?" आधी मी ऑफिसचं टेन्शन वगैरे काहीतरी सांगून मोकळी व्हायचे, कारण एक कारण हातात पडलं की समोरच्याला हायसं वाटतं.

कारणं शोधायला बसलं तर ढीगभर निघतात. माझे एक मामा होते, दिवसचे दिवस खोलीबाहेर यायचे नाहीत, घरात सगळे म्हणायचे "त्याचा स्वभावच तसा". जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण 35 ते 40 टक्के निघतो, म्हणजे वाटा आहे पण सगळं खापर मामांवर फोडता येत नाही. त्यात वर्षभर झोपेचे हाल, एक जवळचं माणूस गेलेलं, आणि सगळं मनात दाबून ठेवायची माझी सवय. मग "मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं" असंही मी बरेच दिवस ठोकून दिलं, शास्त्रीय वाटतं ना ऐकायला! पण ते इतकं सरळ नाहीये, डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिनवर काही तासांतच काम करायला लागतात आणि मन हलायला मात्र आठवडे लागतात, नुसती कमतरताच असती तर दुसऱ्या दिवशी ठणठणीत व्हायला हवं होतं.

आणि मला दुःख होत नव्हतं हो, हेच कुणाला पटत नाही. काहीच होत नव्हतं. पहाटे 4 ला जाग यायची, छताकडे बघत पडायचं, अंघोळ म्हणजे डोंगर, आवडीच्या माणसाचा फोन वाजला तरी वाजू द्यायचा. दोन आठवडे रोज असं राहिलं तर डॉक्टरांकडे जायला तेवढं पुरे असतं, मी पाच महिने काढले, कारण "मला कारणच नाही तर मी कशी आजारी" असं वाटायचं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉईड आणि बी 12. मला राग आला, मी मनाचं सांगतेय आणि हे सुई टोचतायत. पण थायरॉईड मंदावलं की असंच होऊ शकतं. रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा मी चक्क हिरमुसले, थायरॉईड निघालं असतं तर लोकांना सांगायला किती सोपं गेलं असतं!

डॉक्टर मात्र कारणापाशी अडून बसले नाहीत. पहिल्या गोळीने मळमळ दिली, सहा आठवड्यांनीही फरक नाही, मग दुसरी लागू पडली. हे बऱ्याच जणांचं होतं, तेव्हा पहिलीवरच वैतागून सोडू नका. बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने चालू ठेवायच्या असतात, मी मध्येच शहाणपणा करून बंद केल्या तर चार दिवस गरगरत होतं, नंतर डॉक्टरांनी हळूहळू डोस उतरवत सोडवल्या. सोबत थेरपी. तिथे बालपण उकरतील म्हणून घाबरले होते, थेरपिस्टनी विचारलं उद्या सकाळी किती वाजता दहा मिनिटं चालणार. मूड आला की उठेन असं माझं गणित होतं, त्यांचं म्हणणं आधी उठा, मूड येईल मागून. चीड आली होती. पण येतो, खरंच.

एक मात्र स्पष्ट सांगते, "मी नसले तर सगळे सुटतील" असं मनात यायला लागलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, डॉक्टर नाही भेटले तर इमर्जन्सीत जा. मी सांगायला तीन दिवस लावले, ते तीन दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो.

परवा गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकत होते तर आई शेजारी येऊन उभी राहिली, जरा वेळाने म्हणाली, "माझ्या दादाला पण हेच असेल का गं?" मी म्हटलं, असेल.